निळ्या झाकणाची टाकी

१ एप्रिल २०२० नंतर विकल्या गेलेल्या कुठल्याही मोठ्या डिझेल मालट्रकला डिझेलच्या टाकीजवळ निळ्या झाकणाची एक लहान टाकी असते. तिच्यातल्या द्रावणाला कंपनीच्या कागदांत डीईएफ, म्हणजे डिझेल एक्झॉस्ट फ्लुइड म्हणतात. ड्रायव्हर नुसतं 'युरिया' म्हणतात. काही बीएस-४ (भारत स्टेज-४) ट्रकांनाही ती होती, पण बीएस-६ हे धुराचं मानक देशभर लागू झालं आणि ती सर्रास झाली. नुसता आवाज दाबणाऱ्या सायलेन्सरच्या जागी धूर गाळणारी आणि त्यातलं विष मोडणारी यंत्रणा आली.

यवतमाळ जिल्ह्यात या यंत्रणेचा सर्वांत जास्त कस लागतो तो वणी तालुक्यात. वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या उकणी, निलजई, कोलार पिंपरी, घोन्सा या खाणींतला कोळसा ट्रक आणि हायवा (टिपर) भरभरून बाहेर पडतो. काही रेल्वे सायडिंगला जातो, काही लालपुलियाच्या डेपोंवर उतरतो. पांढरकवड्यावरून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४४ वरही रात्रंदिवस ट्रक धावतात, पण त्यांचं दुखणं वेगळं. हैदराबादपर्यंत एका दमात धावणारा ट्रक आणि खाणीच्या वजनकाट्यावर रांगेत तास-दोन तास चालू उभा राहणारा हायवा, दोघांचं इंजिन एकाच कंपनीचं असलं तरी दोघांचे बिघाड एक नसतात.

गॅरेजात येणारी तक्रारही बदलली आहे. पूर्वी ड्रायव्हर सांगायचा, गाडी धूर मारते. आता सांगतो, "भाऊ, बत्ती लागली अन् गाडी लोडमध्ये उचलूनच नाही राहिली." धुराचा मागमूस नसतो. स्कॅनर लावला की एक क्रमांक येतो, त्या क्रमांकासमोर एका सुट्या भागाचं नाव असतं, आणि तो भाग बदलला जातो. तो भाग महाग असतो. पंधरा दिवसांनी तीच बत्ती परत लागते. या लेखात मला मुख्यतः हेच मांडायचं आहे: धुराच्या यंत्रणेत दिसणारा बिघाड बहुतेक वेळा तिथे जन्मलेला नसतो. तो हवेच्या वाटेने, डिझेलमधून, ऑइलमधून, युरियातून किंवा गाडी चालवण्याच्या पद्धतीतून तिथे येऊन पोहोचतो. वरचं कारण शोधल्याशिवाय खालचा भाग बदलणं म्हणजे मालकाचे पैसे वाया घालवणं.

आधी इंजिनात काय घडतं ते पाहू. डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग नसतो. सिलिंडरमधली हवा दाबून दाबून इतकी तापवली जाते की तीत डिझेलचा बारीक फवारा सोडताच तो पेट घेतो. फवाऱ्याच्या गाभ्यात हवा कमी पडते, तिथलं इंधन अर्धवट जळतं आणि काजळी तयार होते. फवाऱ्याच्या कडेला हवा मुबलक आणि उष्णता प्रचंड. तिथे हवेतलाच नायट्रोजन ऑक्सिजनशी जोडला जाऊन नायट्रोजनचे ऑक्साइड होतात. गॅरेजच्या भाषेत नॉक्स. ही दोन दुखणी एकमेकांच्या उलट वागतात. जळण जास्त गरम आणि पूर्ण केलं तर काजळी घटते पण नॉक्स वाढतो. थोडा धूर पुन्हा सिलिंडरमध्ये फिरवून, म्हणजे ईजीआर वापरून, जळण थंड केलं तर नॉक्स घटतो पण काजळी वाढते. बीएस-४ मध्ये नॉक्सची मर्यादा किलोवॅट-तासाला ३.५ ग्रॅम होती, बीएस-६ मध्ये ती ०.४ ग्रॅमवर आली. एवढी घट नुसत्या इंजिनात साधणं अवघड होतं, म्हणून सायलेन्सरचा आधार घ्यावा लागला. डिझेलमधलं गंधकही त्यासाठी दहा लाख भागांत ५० वरून १० भागांवर आणावं लागलं.

जिल्ह्यात अजून जुने ट्रक पुष्कळ आहेत. कापसाच्या गाठी, चुना, गिट्टी वाहणाऱ्या या गाड्यांना सेन्सर नाहीत, त्यांचा धूरच बोलतो. काळा धूर म्हणजे इंधनाच्या मानाने हवा कमी. चुलीत फुंकर घातली की धूर विरतो, तोच हा प्रकार. म्हणून काळा धूर दिसला की पंपाला हात लावण्याआधी एअर क्लीनर उघडावा. वणीच्या कोळशाच्या रस्त्यांवरची धूळ इतकी बारीक असते की कंपनीने पुस्तकात लिहिलेल्या किलोमीटरच्या कितीतरी आधी फिल्टर तुंबतो. मग टर्बोचे होज पाइप, मग नोझल, मग टायमिंग आणि टॅपेट. नोझल फवारा मारण्याऐवजी थेंब गाळू लागलं तर काजळी हमखास. ते टेस्टिंग बेंचवर दाब देऊन पाहतात, आणि चांगल्या व वाईट नोझलमधला फरक उघड्या डोळ्यांना दिसतो: एक धुक्यासारखा फवारा देतं, दुसऱ्याच्या टोकाला थेंब लोंबतो. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. रिंगा, व्हॉल्व्हचे सील किंवा टर्बोचं सील. पांढरा धूर थंड इंजिनाला सकाळी थोडा वेळ चालतो. गरम झाल्यावरही राहिला तर न जळलेलं डिझेल किंवा हेड गॅसकेटमधून येणारं पाणी.

बीएस-६ ट्रकमध्ये धूर चार टप्प्यांतून जातो. पहिला ऑक्सिडेशन कॅटॅलिस्ट, डीओसी. तो कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेलं इंधन जाळतो. दुसरा डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारी चिनी मातीसारख्या पदार्थाची गाळणी. तिची निम्मी भोकं एका तोंडाला आणि निम्मी दुसऱ्या तोंडाला बुजवलेली असतात, त्यामुळे धुराला सच्छिद्र भिंतीतूनच जावं लागतं. तिच्यानंतर युरियाचा फवारा. गरम धुरात युरियाचा अमोनिया होतो, आणि तिसऱ्या टप्प्यात, एससीआर कॅटॅलिस्टवर, हा अमोनिया नॉक्सला मोडून त्याचा साधा नायट्रोजन आणि पाण्याची वाफ करतो. हे रसायन जुनं आहे. अमेरिकेत एंगेलहार्ड कंपनीने १९५७ साली त्याचं पेटंट घेतलं आणि जपानच्या वीजकेंद्रांनी १९७० च्या दशकात ते वापरलं. चौथा टप्पा उरलासुरला अमोनिया पकडतो.

यातलं सगळं उष्णतेवर अवलंबून आहे, आणि वणीची अडचण नेमकी इथे सुरू होते. डीपीएफमधली काजळी जाळून टाकण्याला रिजनरेशन म्हणतात. गाडी लोडमध्ये महामार्गावर धावत असेल तर साधारण २५० ते ४०० अंश उष्णतेत काजळी आपोआप थोडी थोडी जळत राहते. तेवढ्याने भागलं नाही तर इंजिनाचा संगणक जास्तीचं डिझेल सोडून डीओसीवर जाळतो आणि गाळणी ६०० अंशांच्या आसपास तापवतो. खाणीच्या काट्यावर रांगेत चालू उभा असलेला, पुढे दहा-पंधरा किलोमीटर जाऊन रिकामा होणारा आणि पुन्हा रांगेत लागणारा हायवा मात्र कधी पुरता तापतच नाही. काजळी साचत जाते आणि रिजनरेशन सुरू होऊन अर्ध्यावर तुटतं. एसी किंवा पंखा चालू राहावा म्हणून इंजिन चालू ठेवणाऱ्या ड्रायव्हरला दोष देण्यात अर्थ नाही. मे महिन्यात ४५ अंशांच्या उन्हात लोखंडी केबिनमध्ये बसून पाहावं.

इथे आणखी एक छोटी गोष्ट आहे, जी स्कॅनर लावल्याशिवाय लक्षात येत नाही. बऱ्याच ट्रकांत रिजनरेशन रोखून धरणारं बटण असतं. कोळशाच्या डेपोत, जिनिंगच्या आवारात, पेट्रोलियमच्या डेपोत ते दाबून ठेवणं योग्यच आहे, कारण ६०० अंशांचा धूर सुक्या कापसावर किंवा कोळशाच्या भुकटीवर गेला तर आग लागेल. पण बाहेर पडल्यावर ते बटण सोडायचं राहून जातं आणि गाडी आठवडाभर रिजनरेशनशिवाय फिरते. डीपीएफची बत्ती घेऊन आलेल्या गाडीत सर्वांत आधी हे बटण पाहावं. एक पैसा खर्च होत नाही.

बटण ठीक असेल, आणि जबरदस्तीने रिजनरेशन करूनही चार दिवसांत बत्ती परत येत असेल, तर काजळी जास्त बनतेय असं समजावं आणि गाळणी सोडून पुढे, इंजिनाकडे यावं. याचं नेहमीचं कारण साधं असतं: टर्बोपासून इंटरकूलरकडे जाणारा रबरी होज. क्लिपेखाली तो घासतो, चिरतो. इंजिन बंद असताना चीर मिटलेली असते, दाब आला की उघडते. डोळ्यांनी पाहून काही कळत नाही. मिस्त्री टर्बोच्या तोंडाला बूच लावतो, आत हलक्या दाबाने हवा भरतो आणि साबणाचं पाणी ब्रशने प्रत्येक जोडावर लावतो. क्लिपेच्या कडेला बारीक फेस उठतो, बुडबुडे वाढत जातात, आणि 'डीपीएफ खराब' म्हणून आलेल्या गाडीचं निदान काही मिनिटांत होतं. दुसरी तपासणी इंजेक्टरांची. कॉमन रेल इंजिनात प्रत्येक इंजेक्टरची परतीची नळी मापाच्या खुणा असलेल्या वेगळ्या बाटलीत सोडतात आणि इंजिन ठरावीक वेळ चालवतात. बाकीच्या पाच बाटल्यांत सारखं डिझेल आणि एकीत दुप्पट दिसलं, तर तो इंजेक्टर आतून झिजला आहे. नाशिकच्या सातपूरमधल्या बॉशच्या कारखान्यात बनणारे हे इंजेक्टर इतक्या बारीक मापाचे असतात की डिझेलमधलं थोडं पाणी किंवा कचराही त्यांना पुरतो. रस्त्याकडेला बायोडिझेल या नावाखाली विकलं जाणारं स्वस्त तेल त्यांच्यासाठी विषच.

काजळी जळते, राख जळत नाही. इंजिन ऑइलमधल्या धातूंच्या क्षारांची राख गाळणीत कायमची बसते, म्हणून बीएस-६ इंजिनाला कमी राखेचं, सीके-४ दर्जाचं किंवा कंपनीने सांगितलेलं ऑइलच घालावं लागतं. जुन्या गाडीसाठी आणलेला डबा उरला म्हणून नवीन गाडीत ओतला, तर ते दोन-तीन वर्षांनी गाळणीत दिसतं. राख काढायला गाळणी खोलून उलट्या दिशेने हवा मारतात. प्रेशरच्या पाण्याने ती धुणं हा काही ठिकाणी चालणारा प्रकार गाळणीच्या भिंती फोडतो.

आता युरियाकडे. डीईएफ म्हणजे ३२.५ टक्के शुद्ध युरिया आणि बाकी क्षारमुक्त पाणी. त्याचं आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ २२२४१. साधारणपणे जेवढं डिझेल जळतं त्याच्या तीन ते सहा टक्के युरिया लागतो. शेतात लागणाऱ्या अनुदानित युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते. तिच्यातून ३२.५ टक्क्यांचं सुमारे १२७ लिटर द्रावण होईल, म्हणजे लिटरला साधारण दोन रुपये पडतात. मोह कशाचा होतो ते या हिशोबात आहे. पण शेतीच्या युरियावर २०१५ पासून नीमतेलाचा लेप असतो. त्यात बाययुरेट १.५ टक्क्यांपर्यंत चालतं; डीईएफमध्ये ०.३ टक्क्यांवर चालत नाही. पाण्याचं तर विचारूच नये. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात लिटरला ७५ मिलिग्रॅम कॅल्शियम ठीक मानलं जातं, आणि डीईएफमध्ये किलोला ०.५ मिलिग्रॅमच्या वर नको. म्हणजे पिण्याजोगं उत्तम पाणीसुद्धा या टाकीच्या दृष्टीने दीडशे पट खारं असू शकतं. बोअरच्या पाण्यातले हे क्षार एससीआर कॅटॅलिस्टवर चढतात आणि तो कायमचा निकामी होतो.

यातली फसवी बाब अशी की टाकीतला सेन्सर फक्त युरियाचं प्रमाण मोजतो. घरगुती द्रावण ३२.५ टक्क्यांचं नीट जमवलं तर सेन्सर ते बिनतक्रार स्वीकारतो. रिफ्रॅक्टोमीटर नावाचं हातातलं उपकरणही हेच करतं: काचेवर एक थेंब टाकायचा, झाकण लावायचं, उजेडाकडे धरायचं आणि निळ्या-पांढऱ्या सीमेची रेघ कुठे येते ते पाहायचं. पाणी घातलेला माल ते पकडतं, क्षार पकडत नाही. म्हणून द्रावण कुठून घेतलं, डबा सीलबंद होता का, हे ड्रायव्हरला आदराने, चोर ठरवल्यासारखं न करता विचारणं हा निदानाचाच भाग आहे. खताचा युरिया असा वळवणं हा खत नियंत्रण आदेशाखाली गुन्हा आहे, आणि खरिपात कृषी केंद्रासमोर गोणीसाठी उभा राहणारा शेतकरी याच जिल्ह्यातला आहे.

चांगला मालही इथे उन्हामुळे बिघडतो. मानकाप्रमाणे ३० अंशांखाली ठेवलेला डीईएफ साधारण वर्षभर टिकतो, ३५ अंशांखाली सहा महिने; त्याहून जास्त तापलेला वापरण्याआधी तपासावा लागतो. पत्र्याच्या शेडखाली एप्रिल-मे काढलेला ड्रम युरोपातल्या हिशोबाने जपलेला नसतो. उघडताच अमोनियाचा झणका आला तर तो माल टाकीत घालू नये.

युरियाचा फवारा थंड किंवा कमी दाबाचा झाला की नळीत पांढरे थर जमतात. साधे युरियाचे स्फटिक कोमट पाण्यात विरघळतात, आणि नोझल तशी साफही होते. पण थर तापत राहिला तर त्यातून सायन्युरिक आम्ल तयार होतं, ते पाण्यात सहज विरत नाही. नोझल काढून पाहिली आणि टोकाशी दगडासारखा पांढरा मुकुट दिसला तर कारण पुढच्यापैकी एक: फवारा वाकडा, पंपाचा दाब कमी, किंवा गाडी सदा थंड. फवाऱ्याचं माप स्कॅनरने हुकूम देऊन मोजपात्रात घेता येतं. कंपनीने सांगितलेल्या प्रमाणापेक्षा कमी भरलं तर फिल्टर, नळी, पंप या क्रमाने जावं.

सर्वांत जास्त पैसे वाया जातात ते नॉक्स सेन्सरवर. असे दोन असतात, एक एससीआरच्या आधी, एक नंतर. दोघांच्या आकड्यांतल्या फरकावरून संगणक ठरवतो की नॉक्स किती मोडला. हा फरक कमी पडला की एसपीएन ४३६४ असा कोड येतो, ज्याचा अर्थ 'एससीआरची कार्यक्षमता कमी' एवढाच आहे. सेन्सर खराब, असा त्याचा अर्थ नाही. तरी बदलला जातो सेन्सरच. बदलण्याआधी सगळे कोड वहीत उतरवून घ्यावेत, पुसण्याआधी. कोणता आधी आला हे त्यातून कळतं. मग वायरिंग हाताने चाचपावी, कारण उभ्या ट्रकच्या वायरी उंदीर कुरतडतात आणि चालत्या ट्रकच्या वायरी चासीवर घासतात. मग सायलेन्सरचे जोड: गॅसकेटमधून बाहेरची हवा आत गेली तर सेन्सरला नॉक्स विरळ दिसतो आणि सगळं गणित चुकतं. मग द्रावण, मग फवारा. सेन्सर शेवटी. गाडी गरम असताना सायलेन्सरवर पाण्याचा फवारा मारून धुतली तर मात्र सेन्सर खरोखर तडकू शकतो, कारण त्याचं आतलं अंग चालताना ८०० अंशांच्या आसपास तापलेलं असतं.

ड्रायव्हरची खरी भीती गाडी अडण्याची. युरिया संपत आला, निकृष्ट निघाला किंवा फवारा थांबला की संगणक आधी बत्ती देतो, मग इंजिनाची ताकद सुमारे २५ टक्क्यांनी कमी करतो, आणि तरीही दुर्लक्ष झालं तर वेग ताशी २० किलोमीटरवर बांधतो. भरलेली गाडी रात्री मारेगावच्या पुढे अशी अडकली की मालकाला कुणीतरी 'बायपास' सुचवतं: संगणकाला खोटे आकडे देणारी छोटी डबी. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२-अ खाली परवानगीशिवाय केलेल्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. पण पकडणार कोण? पीयूसी केंद्रावर डिझेल गाडीचा रिकाम्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबून फक्त धुराचा गडदपणा मोजतात. नॉक्स रंगाने दिसत नाही. डीपीएफ शाबूत असलेली, युरिया बंद केलेली गाडी ही परीक्षा सहज पास होते. पीयूसी केंद्रावर गाडीचे साठवलेले कोडही वाचले जावेत असं मला ठामपणे वाटतं; स्कॅनर आता गावोगावच्या गॅरेजांत आहेत, केंद्रांवर असायला काय हरकत आहे?

नॉक्सचं नुकसान लांबवर होतं. उन्हात त्यापासून जमिनीलगत ओझोन तयार होतो. तो माणसाच्या फुप्फुसांना सोलतो आणि पानांतून शिरून पिकाची वाढ कमी करतो. कापूस आणि सोयाबीन ही दोन्ही पिकं ओझोनला हळवी आहेत, आणि यवतमाळचा खरीप याच दोन पिकांवर उभा आहे. काजळीबद्दल तर वादच उरला नाही: जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेलच्या धुराला कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकलं. काट्यावरच्या रांगेत तो धूर आधी ड्रायव्हर, क्लीनर आणि काट्यावरचा कामगार यांच्याच छातीत जातो.

दुरुस्ती पूर्ण झाली की नाही, हे कोड पुसून कळत नाही. गाडी लोड घालून, एकसारख्या वेगाने निदान अर्धा-पाऊण तास चालवावी लागते. वणीहून करंजीपर्यंतचा रस्ता त्याला पुरतो. धूर पुरेसा तापल्यावर संगणक स्वतः तपासणी करतो, दोन्ही सेन्सरांचे आकडे स्कॅनरवर जुळवून पाहता येतात आणि डीपीएफच्या आधीच्या व नंतरच्या दाबातला फरक नोंदवता येतो. पुढच्या महिन्यात त्याच गाडीचा युरिया आणि डिझेल यांचा हिशोब मालकाने वहीत ठेवावा. शंभर लिटर डिझेलला युरिया एक-दीड लिटरच लागत असेल तर फवारा कमी पडतोय किंवा कुणी डबी बसवली आहे. आठ-नऊ लिटर लागत असेल तर गळती शोधावी, किंवा इंजिनाकडे परत जाऊन नॉक्स इतका का बनतोय ते पाहावं.